नाताळची सुट्टी आणि मुळेचे पाणी

डिसेंबर उजाडला की आमच्या महाळुंग्यात एकच प्रश्न फिरू लागतो: नाताळला कुठे? लिफ्टमध्ये, भाजीवाल्याच्या गाडीपाशी, सकाळी चालायला येणाऱ्यांच्या घोळक्यात. उत्तरेही ठरलेली. कोणी काशिद, कोणी दिवेआगर, कोणी हर्णै. ज्याला खोली मिळाली नाही तो घरी बसून इतरांची छायाचित्रे पाहतो.

महाळुंगे हे मुळशी तालुक्यातले मुळा नदीकाठचे गाव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी शेजारी क्रीडानगरी उभी राहिली, पलीकडे हिंजवडीत संगणकाचे कारखाने आले, आणि २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेले. आता इथे जुनी घरे थोडी, बुरुजांसारख्या इमारतीच फार. माझ्यासारखी माणसे इथे राहायला आली ती नोकरीमुळे किंवा मुलांच्या नोकरीमुळे. गावाच्या यात्रेशी, ग्रामदैवताशी आमचे नाते पाहुण्याचेच. त्यामुळे सुट्टी लागली की इथून बाहेर पडायचे असते, आणि बाहेर म्हणजे समुद्र.

महाविद्यालयात तीस वर्षे इतिहास शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. सगळे लोक एखादी गोष्ट एकाच दिवशी, एकाच दिशेने करू लागले की ती केव्हापासून सुरू झाली हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. घाटावरच्या माणसाने नाताळात कोकण किनारा का गाठावा? कोकणच्या स्वतःच्या पंचांगात हा दिवस मोठा नाही. कोकणी माणूस मुंबईहून गावी येतो तो गणपतीला आणि शिमग्याला. कोळ्यांचा मोठा दिवस नारळी पौर्णिमा. डिसेंबर हा किनाऱ्यावर कामाचा महिना. होड्या समुद्रात असतात, भात झोडून झालेले असते, वाल पेरलेले असतात. मग ही सुट्टी इथे पोचली कशी?

उत्तर शोधताना तीन धागे हाती आले: शब्दाचा, सुट्टीचा आणि रस्त्याचा. तिन्ही वेगवेगळ्या काळातले आहेत आणि तिन्ही रेवदंड्याच्या खाडीपाशी येऊन मिळतात. २०२३ च्या डिसेंबरात मी आणि पत्नी त्याच वाटेने गेलो. हा लेख त्या प्रवासाचा आहे आणि त्याआधीच्या काही शतकांचाही.

१

आधी शब्द. ‘नाताळ’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो परका वाटत नाही. तो पोर्तुगीज ‘नाताल’ आहे, आणि त्याचे मूळ जन्मवाचक लॅटिन शब्दात. १४९७ च्या नाताळात वास्को द गामाची जहाजे आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यापासून चालली होती, त्या किनाऱ्याला त्याने हेच नाव दिले. गांधीजींनी १८९४ मध्ये जिथे नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली तो हा प्रांत. एकाच शब्दाच्या दोन खुणा: तिकडे भूगोलात, इकडे आपल्या कॅलेंडरात.

हा शब्द मराठीत एकटा आलेला नाही. पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी, चावी, बादली, साबण, पगार, लिलाव, घमेले हे सगळे त्याच गलबतातून उतरलेले. यादी नीट पाहिली तर ती राजदरबाराची दिसत नाही. ती स्वयंपाकघराची, बाजाराची आणि मजुरीच्या अड्ड्याची आहे. म्हणजे हे शब्द आपल्याकडे हुकमाने आले नाहीत. ते शेजाराने आले. दोन माणसे एकमेकांच्या दारात उभी राहून काही देतात, घेतात, तेव्हा असे शब्द अदलाबदल होतात. उत्तर हिंदुस्थानात याच सणाला ‘बडा दिन’ म्हणतात. मराठीने मात्र तो सण पाळणाऱ्या शेजाऱ्याचाच शब्द उचलला. पुण्याच्या पेठेत बसून ‘नाताळ’ म्हणणाऱ्याच्या तोंडी वसई, चौल आणि गोव्याचा किनारा असतो.

सुट्टीचा इतिहास याहून वेगळा. ती पोर्तुगिजांनी दिली नाही, इंग्रजांनी दिली. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या राज्यात न्यायालये व कचेऱ्या वर्षअखेरीस बंद राहू लागल्या. त्यामुळे वकील, कारकून, प्राध्यापक या नव्या वर्गाला वर्षातून एकदा, सगळ्यांना एकाच वेळी, सलग मोकळे दिवस मिळाले. या मोकळ्या दिवसांचा सर्वांत मोठा उपयोग सहलीसाठी झाला नाही. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरअखेरीस भरायचे होते ते पुण्यात. पटकीची साथ आल्यामुळे ते ऐनवेळी मुंबईला हलवले आणि २८ डिसेंबरला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. पुढची कित्येक वर्षे काँग्रेस नाताळातच भरत राहिली. पुण्याला तो मान १८९५ मध्ये मिळाला. सुरतेला १९०७ मध्ये ती फुटली तेही नाताळच्याच सुट्टीत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या शिकलेल्या माणसाला ‘नाताळात कुठे?’ असे विचारले असते तर त्याने समुद्रकिनाऱ्याचे नाव घेतले नसते. अधिवेशनाच्या गावाचे घेतले असते.

ही सुट्टी सर्वांची नव्हती हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना झगडावे लागले. सुट्टी ही आधी काहींची होती, मग हळूहळू अनेकांची झाली. महाळुंग्याच्या इमारतींवर पहारा करणाऱ्या रखवालदाराला ती अजूनही नाही. आम्ही २४ तारखेला पहाटे निघालो तेव्हा फाटक त्यानेच उघडले.

२

तो रविवार होता. मुंबईकडचा द्रुतगती मार्ग आदल्या दिवसापासून गाड्यांनी तुंबला होता, म्हणून आम्ही नांदे, लवळे, पिरंगुट अशी वाट धरली. पौड मागे पडले आणि उजेड होता होता मुळशीचे धरण दिसले.

या पाण्यापाशी मी नेहमी थांबतो. मुळा नदी इथली. तिच्या वाटेने सरळ गेले तर ती आमच्या महाळुंग्यावरून, पुण्यातून, भीमेला आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेरीस टाटांच्या वीज कंपनीने ही नदी इथे अडवून तिचे पाणी उलट्या दिशेला, पश्चिमेला, घाटाखाली सोडण्याची योजना आखली. कारण साधे होते. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला तुटलेला आहे. तेवढ्या उंचीवरून पाणी सोडले की त्यातून वीज निघते, आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. पन्नासच्या आसपास गावांची जमीन त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले, आणि या लढ्यातूनच बापटांना ‘सेनापती’ हे नाव चिकटले. १९२४ पर्यंत लढा चालला आणि संपला. धरण झाले, गावे गेली. घाटाखाली भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले.

शिक्षक असताना मी हा सत्याग्रह धरणविरोधी लढ्यांचा आरंभ म्हणून शिकवत असे. पण त्या पाण्याचे पुढे काय होते, हे मी वर्गात कधी सांगितले नाही, कारण मलाच ते कधी सुचले नव्हते. भिऱ्याला वीज देऊन झाल्यावर ते कुंडलिका नदीत उतरते. कोलाडला मुंबई-पुण्याची तरुण मुले रबरी तराफ्यांतून ज्या खळाळत्या पाण्यावर मौज करतात, तो खळाळ वीजघरातून पाणी सुटण्याच्या वेळेवर चालतो. पुढे रोहे, मग खाडी, आणि शेवटी एका बाजूला रेवदंडा, दुसऱ्या बाजूला कोर्लई, मधून समुद्र. आमच्या महाळुंग्याच्या पुलाखालून जायचे ते पाणी कोर्लईच्या किल्ल्याखाली जाते. नाताळला आम्ही ताम्हिणी उतरून कोकणात जातो ते शंभर वर्षांपूर्वी वळवलेल्या आमच्याच नदीच्या मागोमाग.

ताम्हिणी उतरून विळ्याहून कोलाडकडे वळलो. हा रस्ता आज नवा आणि रुंद आहे, पण घाटमाथा आणि हे बंदर यांचा संबंध मोटारीपेक्षा फार जुना. चौल हे प्राचीन बंदर. टॉलेमीच्या भूगोलात आणि ‘पेरिप्लस’मध्ये ते सिमिल्ला, सेमिल्ला अशा नावांनी येते. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल्-मसूदी इथे येऊन गेला. त्याने या गावाला सैमूर म्हटले. माल बंदरात उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. त्या काळी घाट चढण्या-उतरण्याला कामाचे कारण लागे. सुट्टीसाठी कोणी हा प्रवास करीत नव्हते.

३

या वाटेने गेलेल्या एका प्रवाशाची गोष्ट मला नाताळाच्या संदर्भात सारखी आठवते. अफनासी निकितीन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. पंधराव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या सुमारास तो होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचण्याआधीची ही गोष्ट. चौलमध्ये त्याला जिकडे जाईल तिकडे लोक मागे येताना दिसले, कारण गोरा माणूस हीच नवलाई होती. तिथून पालीवरून घाट चढून तो जुन्नरला गेला. पावसाळा सुरू झाला होता. निकितीनच्या देशात माणूस घरात अडकतो तो हिवाळ्यात. म्हणून त्याने आपल्या या पावसाळ्यालाच हिवाळा म्हटले. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर घोडाही मिळेल, पैसेही मिळतील, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली, घोडा परत मिळाला, धर्मही वाचला.

पण निकितीनचे खरे दुःख वेगळेच होते. व्होल्गा नदीवर लुटारूंनी त्याचे सामान लुटले, त्यात त्याची धर्मपुस्तके गेली होती. पुस्तके गेली म्हणजे सणांच्या तारखा गेल्या. नाताळ केव्हा, ईस्टर केव्हा, उपवासाचा बुधवार-शुक्रवार कोणता, हे सांगणारे कोणीही जवळ नव्हते. मुसलमानांच्या सणांवरून आणि आकाशातल्या नक्षत्रांवरून तो अंदाज बांधत राहिला. आपल्या वहीत तो हे पुन्हा पुन्हा लिहितो. परत जाताना, घरी पोचण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ तो वारला. वही तेवढी उरली. रेवदंड्यात २००२ मध्ये त्याचे स्मारक उभे राहिले आहे.

सण एकट्याने पाळता येत नाही, हे निकितीनच्या वहीवरून मला कळले. तो पाळायला तारीख सांगणारा कोणी लागतो आणि आपल्याच भाषेत ‘आज सण आहे’ म्हणणारा आणखी एक माणूस लागतो.

याच किनाऱ्यावर याची उलटी गोष्टही आहे. अलिबाग-रेवदंड्याच्या टापूतले बेने इस्राएल, आपल्याकडचे शनवार तेली, हे ज्यू. नवगावजवळ जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवार पाळणारे, तेलाचा घाणा चालवणारे, मराठी बोलणारे. हनुक्का हा ज्यूंचा हिवाळ्यातला दिव्यांचा सण त्यांच्याकडे परंपरेने नव्हता, आणि त्याचे कारणही त्यांच्याच परंपरेत आहे: ज्या घटनेच्या आठवणीसाठी हा सण सुरू झाला, ती घडण्याआधीच आमचे पूर्वज निघाले होते. बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर पुढे तो सण त्यांच्यात आला. निकितीनकडे सण होता, तारीख नव्हती. यांच्याकडे हा सणच मागाहून आला, तरी त्यांचे ज्यूपण शनिवारच्या आधाराने टिकले. रेवदंड्यात त्यांचे सभास्थान आजही आहे. माणसे बहुतेक इस्राएलला गेली.

४

रोह्याहून साळावला आणि साळावहून कोर्लईला पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. समोर समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड आणि तिच्यावर किल्ला. पलीकडे रेवदंड्याच्या माडांमधून जुन्या मनोऱ्याचे टोक दिसते. लोक त्याला सातखणी म्हणतात. फ्रान्सिस्कन पंथाच्या मठाचा तो मनोरा.

पोर्तुगीज या खाडीत सोळाव्या शतकाच्या आरंभी आले. १५०८ मध्ये इथेच इजिप्तच्या आरमाराशी झालेल्या लढाईत विजरईचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा मारला गेला. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने त्यांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. कोटात चर्च, मठ, गोदामे, घरे असे एक शहरच वसले. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने त्याला मोठा वेढा दिला, तो त्यांनी परतवला. १५९४ मध्ये निजामशहाने समोरच्या कोर्लईच्या टेकडीवर किल्ला उठवताच पोर्तुगिजांनी हल्ला करून तो घेतला. पुढे संभाजी महाराजांच्या काळातही वेढे पडले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्या वर्षी, १७४० मध्ये, तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले. अधिकारी, पाद्री, श्रीमंत घराणी गोव्याला गेली. ज्यांना जायला जागा नव्हती ती शेतकरी, शिपाईगडी माणसे राहिली आणि कोर्लईच्या पायथ्याशी एकवटली.

या माणसांपैकी पुष्कळांचे पूर्वज इथलेच होते. काहींच्या घराण्यांत पोर्तुगीज शिपायांचे रक्त होते. गेल्या पावणेतीनशे वर्षांत त्यांनी आपली बोली सोडली नाही. बाहेरचे तिला क्रिस्ती म्हणतात. ते स्वतः तिला ‘आमची भाषा’ अशा अर्थाच्या, आपल्याच बोलीतल्या दोन शब्दांनी ओळखतात. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण आपली. क्रियापद मराठीसारखे शेवटी गेलेले. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर संशोधन करून १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. भाषा टिकली कशी, याचे त्यांचे उत्तर विचार करायला लावणारे आहे. पोर्तुगिजांशी संबंध तुटला आणि धर्म व जात यांच्या भिंतींमुळे शेजारच्या हिंदू-मुसलमानांशी सोयरीक नव्हती. दोन्हीकडून बंद झालेल्या दारांच्या आत ती वाढली. बोलणारे आज हजाराच्या आतबाहेर असतील.

म्हणजे जी भिंत आपण वाईट म्हणतो तिच्याच आडोशाला ही बोली जगली. भिंत पडावी असेच मला वाटते. शाळा मराठी झाली, मुले मुंबईला नोकरीला गेली, दूरचित्रवाणी आली, चर्चमध्ये मराठी आली, हे सगळे चांगलेच झाले. पण भिंत पडल्यावर आतल्या वस्तूंचे काय करायचे हे आपण ठरवलेले नाही.

५

कोर्लईत मला एका घरी ओळख होती. पंधरा वर्षांपूर्वी एका कार्यशाळेच्या निमित्ताने आलो होतो, तेव्हापासूनची. घरात ऐंशीच्या पुढच्या आजी, मुंबईहून सणाला आलेला मुलगा, सून आणि अकरावीतली नात. अंगणात कागदी चांदणी, ओट्यावर मुलांनी केलेला गोठा, त्यात वाळूचा रस्ता आणि आरशाच्या तुकड्याचे तळे. आपल्या दिवाळीतल्या किल्ल्याची आठवण व्हावी असा.

मी दारात पोचण्याआधी, अंगणात गाडी लावताना, आतून बोलणे ऐकू येत होते. चार-पाच जणी एकाच वेळी बोलत होत्या, हसत होत्या. मला त्यातले काही कळत नव्हते, पण ती बोली आहे हे कळत होते. मी खिशातले ध्वनिमुद्रण यंत्र चाचपले आणि उंबऱ्यावर पाय ठेवला. त्या क्षणी आजींनी ‘‘या दादा, बसा’’ म्हटले, आणि घर मराठीत गेले. सगळे घर. सून नणंदेशी मराठीत बोलू लागली, नात आजीशी. मी दोन तास बसलो, चहा घेतला, नाताळचा फराळ घेतला, भाषेविषयी प्रश्न विचारले आणि सगळी उत्तरे मला उत्तम मराठीत मिळाली.

माझ्या जवळच्या ध्वनिफितीत आज काय आहे? त्या बोलीविषयी दोन तासांचे मराठी. ती बोली त्यात नाही.

ही मी शोध म्हणून सांगत नाही, चूक म्हणून सांगतो. पाहुण्यासमोर त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलू नये, हा आपल्याकडचा शिष्टाचार. त्या घराने तो पाळला. पण नाताळ हा त्या गावाचा असा एकच आठवडा आहे, जेव्हा मुंबईला पांगलेली माणसे एकत्र येतात आणि शहरात वाढलेली मुले आजीच्या तोंडून ती बोली सलग ऐकतात. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आम्ही येतो. किल्ला पाहायला, काशिदला जाता जाता, ‘पोर्तुगीज बोलणारे गाव’ बघायला. अंगणात पाहुणे आले की घर भाषा बदलते. कोणी जुलूम केलेला नसतो, कोणी काही हिसकावलेले नसते. आम्ही फक्त आलेलो असतो.

रात्री माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये मिस्सा होती. आम्ही मागे, भिंतीशी उभे राहिलो. प्रार्थना मराठीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, जगभरच्या चर्चमध्ये लॅटिन मागे पडून लोकभाषा आल्या. इथली लोकभाषा कोणती, हा प्रश्न तेव्हा कोर्लईपुरता सोपा नव्हता. पण मराठीतली ख्रिस्तजन्माची कथा ऐकताना परके वाटत नाही. ती परंपराही चारशे वर्षांची आहे. १५७९ मध्ये गोव्याला आलेल्या फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ मध्ये ते छापले गेले, तेही ओवीत. मिस्सा संपल्यावर लोक बाहेर येऊन एकमेकांना भेटू लागले. तिथे, अंगणाच्या अंधारात, पुन्हा ती बोली सुरू झाली. मी यंत्र काढले नाही.

निघताना आजींना म्हटले, तुमची भाषा ऐकायला आलो होतो. त्या हसल्या. ‘‘सणाला या दादा, पण ऐकायला मागाहून या. आता घरात गर्दी आहे, तुमच्याशी बोलायलाच सगळा वेळ जातो.’’

६

२६ डिसेंबरला दत्तजयंती होती. खाडीच्या पलीकडे, चौलजवळ भोवाळ्याच्या डोंगरावर दत्ताचे देऊळ आहे. मार्गशीर्षी पौर्णिमेला तिथे यात्रा सुरू होते आणि पाच दिवस चालते. साळावचा पूल ओलांडून आम्ही गेलो. पायऱ्यांवर रांग, खाली घोंगड्या, भांडी, मिठाई आणि खेळण्यांची दुकाने. डिसेंबरात किनाऱ्याला मोठा सण नाही असे मी वर म्हटले, ते इथे दुरुस्त केले पाहिजे. हा मोठा सण आहे. तो आम्हाला दिसत नाही, एवढेच. चांद्र तिथीचा असल्यामुळे तो आमच्या सुट्टीशी क्वचितच जुळतो, आणि जुळला तरी आमच्या गाड्या समुद्राकडे वळलेल्या असतात.

यात्रेत कोर्लईकडचे काही चेहरे दिसले. त्यात नवल नाही. कोर्लईत कोळी आहेत, हिंदू आहेत, आणि यात्रेत खरेदी सगळेच करतात. संध्याकाळी एका परिचितांच्या वाडीत पोपटी होती. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा, त्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, कोणी अंडी-कोंबडी घालतात, वरून पुन्हा पाला, आणि मडके उपडे करून भोवती जाळ. पाणी अजिबात नाही. पाल्याच्या वाफेवर शेंगा शिजतात. हा रायगडातल्या थंडीचा खरा उत्सव. त्याला तारीख नाही. शेंगा भरल्या आणि चार माणसे जमली की झाला.

परतीच्या वाटेवर मी तारखांचा हिशेब करत होतो. निकितीनची तारीख हरवली होती. बेने इस्राएलांकडे एक सण नंतर आला. कोर्लईकरांनी तारीख, सण आणि भाषा तिन्ही सांभाळली, आणि आता सण आणि तारीख मजबूत असताना भाषा क्षीण होते आहे. आम्हा महाळुंगेकरांकडे सुट्टी आहे आणि रस्ता आहे. सण मात्र आमचा नाही, म्हणून आम्ही तो जिथे असेल तिथे जातो. त्यात गैर काही नाही. नाताळ हा शब्द आपल्याकडे असाच कोणाच्या तरी दारात उभे राहून आला. पण तेव्हाच्या शेजारात देवाणही होती आणि घेवाणही. शेजारी दुसऱ्या दिवशीही दारात असायचा. आमच्या नाताळात आम्ही तीन दिवस येतो, घेतो आणि जातो. मुळेच्या पाण्याचेही तसेच. मुळशीच्या गावांनी ते दिले, मुंबईने वीज घेतली, कोलाडने मौज घेतली. बुडालेल्या गावांच्या सणांची यादी कोणी केलेली मी पाहिलेली नाही.

पुढच्या जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, एका मधल्या वाराला मी पुन्हा कोर्लईला गेलो. या वेळी एकटा, एसटीने. रस्त्यावर गाड्या नव्हत्या. मुलगा-सून मुंबईला परतली होती. आजी अंगणात वाल निवडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘‘आलात? बसा.’’ मीही एक सूप पुढे ओढले. शेंगा निवडायला मला येतात. अर्धा तास कोणी काही बोलले नाही. मग कुंपणापलीकडून शेजारीण आली, त्या दोघींचे सुरू झाले. कोणाचे तरी लग्न असावे, किंवा कोणाचे तरी आजारपण. हसू आणि हळहळ दोन्ही होते. मध्येच आजी माझ्याकडे वळून मराठीत काही सांगू लागल्या, तेव्हा मी म्हटले, ‘‘तुमचे चालू द्या. मला घाई नाही.’’

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि शेजारणीकडे तोंड फिरवून त्या पुन्हा बोलू लागल्या. ध्वनिमुद्रण यंत्र मी महाळुंग्यालाच ठेवून आलो होतो. दुपारची एसटी येईपर्यंत एक सूप वाल निवडून झाले.